मोठं पाहिजे का रंगीत?

"मोठं पाहिजे का रंगीत?"

आमच्या कॉम्प्युटर केंद्रातला भाऊ हा प्रश्न येईल त्याला विचारायचा. विचारताना त्याचा उजवा तळवा मॉनिटरच्या डोक्यावर असायचा, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि नजर तुमच्याकडे नसून तुमच्या मागच्या भिंतीकडे. नवा माणूस गोंधळायचा. पहिल्या दिवशी मीही गोंधळले होते. मला वाटलं, हा चहाच्या कपाबद्दल विचारतोय की काय.

त्याचं म्हणणं साधं होतं. आमच्या केंद्रातले कॉम्प्युटर जुने. पडद्यावर चित्र उमटवणारं जे कार्ड त्यांच्या पोटात असतं, त्याची स्मरणशक्ती एवढीशी. चित्र मोठं हवं असेल तर रंग मोजकेच मिळणार, आणि रंग खरे हवे असतील तर चित्र लहान करून घ्यावं लागणार. दोन्ही एकदम मागितलं की पडदा सरळ काळा.

एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. भाऊनं त्यांनाही विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "मला दोन्ही पाहिजे." भाऊ शांतपणे म्हणाला, "साहेब, दोन्ही मागितलं की काळं मिळतं." अध्यक्ष विचारात पडले. पुढे कुठल्याशा सत्कारात त्यांनी हे वाक्य भाषणात घातलं, स्वतःचं म्हणून, आणि त्याला टाळ्याही पडल्या. मागे खुर्च्या मांडत असलेल्या भाऊनंही टाळ्या वाजवल्या. मला मात्र राग आला होता, आणि घरी जाईपर्यंत तो उतरला नाही.

आमचं केंद्र उस्मानपुऱ्यात, एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. खाली ज्वारी पडली की वर माझ्या टेबलावरचा पेन हळूहळू कडेकडे सरकायचा. मी तिथं मराठी टंकलेखन शिकवायचे. भाऊ, म्हणजे सगळेच त्याला भाऊ म्हणायचे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, यंत्रं सांभाळायचा. यंत्रं कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेली, दान म्हणून आमच्याकडे आलेली. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण आमच्या गाईंना दातच नव्हते. विकतची नवी प्रणाली त्यांना झेपेना, म्हणून भाऊनं सगळ्यांवर लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही निमूट चालतं. चालायचंच सगळं. फक्त चित्र यायचं नाही.

म्हणजे असं व्हायचं. यंत्र सुरू केलं की पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर जायच्या. त्या कुठं जातात, कुणाला सांगायला जातात, कोण जाणे. मग त्या थांबायच्या, आणि जिथं निळा पडदा, चौकटी आणि तो बाण दिसायला हवा तिथं नुसता काळोख. माझ्या वर्गातल्या मुली "मॅडम, गेलं!" म्हणून ओरडायच्या. मी तावातावानं बटणाकडे हात नेला की मागून आवाज यायचा.

"थांबा ताई. बटनाला हात लावू नका. काळं पडलं म्हंजे मेलं नाय."

मग तो वाकून खोक्याला कान लावायचा. "आतून चालूय. ऐका." मला गिरणीशिवाय काही ऐकू यायचं नाही. तो तीन बोटांनी तीन कळा एकदम दाबायचा आणि त्या काळोखातून एक पांढरी ओळ उगवायची, तिच्या टोकाला डोळा मिचकावणारी छोटी रेघ. "हे बघा. दाराशीच उभं हाय. वाट दिसंना त्याला."

त्या यंत्रांत एक मजकूर असतो म्हणे, ज्यात लिहिलेलं असतं की समोरच्या मॉनिटरला काय सोसतं. सेकंदाला कितीदा चित्र काढायचं, केवढं काढायचं, किती रंगांत काढायचं. जास्त लिहिलं गेलं की मॉनिटर बारीक शिट्टी घालायचा. गिरणी चालू असतानाही ती शिट्टी भाऊला बरोब्बर ऐकू यायची. हातातला चहा टाकून तो धावायचा, "पळतंय ते, लई पळवलं त्याला!" आणि वायर काढायचा. मग पुन्हा बैठक. एका वेळी एकच ओळ बदलायची, चालू करून बघायचं, काळं आलं की परत यायचं, ती ओळ होती तशी करायची, मग दुसरी. मला असला धीर नाही. मी म्हणायचे, "अरे, सगळ्या ओळी एकदम बदल ना."

"मग कोणत्या ओळीनं उजाडलं ते कसं कळंल, ताई?"

उजाडलं हा त्याचा शब्द. चित्र आलं असं तो कधी म्हणाला नाही. उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्यांना ओली पोती लावलेली, पंखा गरम हवाच फिरवतोय, मुलींच्या बोटांचा टकटकाट झोपेत पाऊस ऐकावा तसा चाललाय, आणि कोपऱ्यातून हळूच आवाज यायचा, "उजाडलं." पुढे मुलीही तेच म्हणायला लागल्या. एकीनं परीक्षकांना सांगितलं, "सर, माझं अजून उजाडलं नाही," आणि परीक्षकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

भाऊचं घराणं मेंढपाळाचं, धनगरांचं. घर पडेगावात, पण मूळ गाव सोयगावकडचं. मेंढरांच्या पाठीवर खूण करतात ना, तशी त्यानं प्रत्येक यंत्राच्या कुशीवर गेरूची खूण केलेली होती. कुणाला दोन पट्टे, कुणाला एक टिकला, कुणाला बोट ओढलेलं. मी सुबक आकडे छापून चिकटवले होते, ते त्यानं कधी वाचले नाहीत. "नंबर विसरतो मी, ताई. पाठ विसरत नाय." अध्यक्षांनी ते रंगकाम पाहून "हे काय आहे?" असं विचारलं, तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं, "तांत्रिक खुणा आहेत." अध्यक्ष समाधानानं पुढे गेले.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. एका वर्षी मी आपली हळदीकुंकवाची बोटं लावत होते. भाऊनं खिशातून भंडारा काढला आणि घरी देवापुढे उधळतात तसा मूठभर उधळला. सगळी यंत्रं चालूच होती. आतल्या पंख्यांनी तो ओढून घेतला. त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी एखादं यंत्र सुरू केलं की मागून पिवळा भपकारा यायचा आणि मुली एका सुरात "येळकोट!" म्हणायच्या. भाऊ कानापर्यंत लाल व्हायचा. वर म्हणायचा, "पण एकबी बिघडलं का तवापासून?" बिघडली होती. मी बोलले नाही.

सुटे भाग आणायला तो जुन्या बाजारात एका चाचांकडे जायचा. एकदा मीही गेले होते. चाचा पोत्यातून एकेक कार्ड काढून फडक्यानं पुसत म्हणायचे, "सब चालू है, भाऊ. बस फोटू नै आरा." मी भर रस्त्यात हसत सुटले. चित्र दाखवायचं कार्ड, त्याचं सगळं चालू, फक्त चित्र येत नाही! भाऊ हसला नाही. त्यानं ते कार्ड उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "द्या चाचा. फोटू मी आणतो."

आता तो इथं नाही. पुण्याला एका कंपनीच्या यंत्रघरात असतो. ओळींनी मांडलेली यंत्रं आणि एकालाही पडदा नाही, तिथं लागतच नाही म्हणे. फोनवर हे सांगताना तो हसला, पण मला ते हसू काही पटलं नाही. आमच्या केंद्रातही सपाट पडदे आले आहेत, बटण दाबलं की चित्र हजर. मला त्याची आठवण येते. येते म्हणजे येतेच, त्यात लपवायचं काय? आणि आठवण आली की तो दुष्काळातला उन्हाळा आधी समोर येतो.

पाऊस लागोपाठ चुकला होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. गल्लीत टँकर शिरला की आम्ही वर्ग सोडून खाली पळायचो, आणि टँकर गेल्यावर रस्त्यावर राहिलेल्या ओल्या रेघेभोवती चिमण्या जमायच्या. शहर मात्र त्याच वर्षांत हातपाय पसरत होतं. पडेगावच्या रस्त्याला काल वावर होतं तिथं आज प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले, मधे कमान, कमानीवर एखाद्या फुलाचं नाव. भाऊचे वडील ज्या गायरानावर मेंढरं चारायचे, तिथंही दगड आले. उरल्यासुरल्या रानात काडी नव्हती. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाला कळप विकावा लागला.

भाऊनं हे मला एका मॉनिटरचे स्क्रू काढता काढता सांगितलं. मान वर न करता.

"मेंढरं गेली तवापासून आबा बोलंनात, ताई. एक शब्द नाय. भिंतीकडं तोंड करून बसत्यात. भाकरी पुढं ठिवली की भाकरीकडं बघत राह्यचं. मायनं भरवले तर दोन घास, तेबी तिच्यासाठी. डॉक्टर म्हन्ला अंगात काय दुखणं नाय. बोलतं करा म्हन्ला. नायतर असंच झिजत जातील."

"मग?"

"मग काय. रोज बोलून बघतोय. मायबी बोलती. बहीण येऊन गेली, नातवंडं अंगावर घातली. काळंच येतंय."

त्याच दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती कॉलेजात भूगोल शिकवायची. आकाशातून उपग्रहानं काढलेलं आपल्या भागाचं चित्र तिच्याकडे होतं, काही वर्षांपूर्वीचं, चांगल्या पावसानंतर काढलेलं. पडेगावापासून फुलंब्री, सिल्लोड, पुढे डोंगर उतरून सोयगाव. भाऊ ते ऐकून जागचा उठलाच. दरवर्षी दिवाळीनंतर त्याचे वडील कळप घेऊन याच वाटेनं सोयगावकडे जायचे आणि पावसाच्या तोंडावर याच वाटेनं परत यायचे. सगळं आयुष्य त्यांनी ही वाट चालून काढलं होतं.

"आबांना त्यांची वाट दावतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी आशा होती की मला भीती वाटली.

रविवारी केंद्र बंद, गिरणीही बंद. भाऊ वडिलांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. उंच, हाडकुळे, डोक्याला पटका, ऐन मे महिन्यात खांद्यावर घोंगडी. त्यांनी मला पाहून हात जोडले, पण ओठ हलले नाहीत. खुर्चीवर ते तापलेल्या दगडावर टेकावं तसे टेकले. भाऊनं आमचा सगळ्यात मोठा मॉनिटर लावून ठेवला होता आणि त्यावर सगळ्यात मोठं चित्र. सगळी वाट एका नजरेत यावी म्हणून.

पण एवढ्या मोठ्या चित्राला रंग पुरले नव्हते. हिरव्याच्या सगळ्या छटा त्या कार्डानं दोन-तीन तपकिरी रंगांत बसवून टाकल्या होत्या. रानं करपलेली, डोंगर राखेचे, तळ्यांच्या जागी काळे डाग. आम्हाला त्या यंत्रांची सवय, आमच्या ते ध्यानातही आलं नाही. म्हातारबाबांनी बराच वेळ पाहिलं. मग ते उठले, काठीच्या टोकानं खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

जिना उतरताना भाऊ मला एवढंच म्हणाला, "चुकलं माझं. मोठं दावायच्या नादात रंग मारले. त्यांला दुष्काळच दावला मी, ताई."

पुढचे दिवस मी त्याला फक्त पाठमोरा पाहिला. त्याला आता खरे रंग हवे होते, आणि चित्रही अगदी काडेपेटीएवढं नको होतं. चाचांच्या पोत्यातली सगळी कार्डं लावून झाली. कुठं काळं, कुठं नुसत्या तिरप्या रेघा, कुठं एकच चित्र चार जागी फाटून पडलेलं. एक ओळ बदलायची, बघायचं, परत यायचं. त्याच्याकडे बघता बघता मला दुपारी डुलकी लागायची आणि झोपेतही पांढऱ्या ओळी वर वर जाताना दिसायच्या. जाग आली की तो तसाच बसलेला, तळवा मॉनिटरवर. मी चिडून म्हणाले, "अरे, जेवून तरी घे." तो म्हणाला, "आबा कुठं जेवतायत." मग मीही डबा उघडला नाही.

अखेर त्यानं हट्ट सोडला. दोन पट्ट्यांच्या यंत्रावर, एका बुटक्या मॉनिटरवर, चित्र पार लहान करून घेतलं. सगळी वाट आता एकदम दिसणार नव्हती. तिचा एकेक तुकडा दिसणार, आणि कळ दाबली की पुढचा तुकडा सरकत येणार. पडदा काळा झाला, लुकलुकला, आणि मग जे आलं ते पाहून मी खुर्चीतून उठले. हिरवं. त्या वर्षी मी हिरवा रंग फक्त प्लॉटच्या जाहिरातीत पाहिला होता. इथं तो गवताचा होता, पिकांचा वेगळा, डोंगरउताराचा आणखी वेगळा, आणि मधे तळ्यांचं पाणी. माझे डोळे भरून आले. भाऊच्या आधी मीच म्हणाले, "उजाडलं रे."

पुढच्या रविवारी म्हातारबाबा आले ते मुलानं दंड धरून आणलं म्हणून. तोच पटका, तीच घोंगडी, गाल आणखी आत गेलेले. ते बसले, त्यांनी पाहिलं. पाहता पाहता त्यांची मान एका बाजूला कलली. मग खांदा. मग ते उठून टेबलाच्या कडेला गेले, तिथून वाकून पाहिलं, परत समोर आले, पुन्हा मान वाकडी केली. आणि कपाळाला आठी घालून दाराकडे निघाले. मला वाटलं, संपलं. मी भाऊकडे पाहायचं धाडस केलं नाही.

"तोंड!" भाऊ एकदम म्हणाला. "ताई, तोंड चुकलंय त्याचं!"

"कुणाचं?"

"रानाचं! भिंतीवर उभं केलंय आपण रान. आबांनी कधी रान उभं बघितलंय का? सोयगाव तिकडं हाय," त्यानं खिडकीकडे हात केला, "अन् चित्रात वर, छताकडं. कसं चालायचं माणसानं?"

जिन्यात गिरणीवाल्याच्या स्कूटरचं एक जुनं टायर पडलं होतं. भाऊ ते उचलून घेऊन आला आणि खोलीच्या मधोमध फरशीवर टाकलं. मग तो जड, कुबड काढलेला मॉनिटर छातीशी धरून त्यानं उचलला आणि त्या टायरात उताणा ठेवला, काच आढ्याकडे, डोकं बरोबर उत्तरेला. रंग लगेच फाटले. कोपऱ्यात जांभळे डाग आले, रानात गुलाबी सांडलं. मी घाबरले. भाऊ म्हणाला, "कूस बदलली की असं होतं त्याला," आणि त्यानं खालचं एक बटण दाबलं. टण्ण असा आवाज झाला, सगळं चित्र पाण्यासारखं थरथरलं आणि जागच्या जागी बसलं.

आता फरशीत एक चौकोनी खिडकी होती आणि तिच्यातून खाली रान दिसत होतं.

म्हातारबाबा दारातून परत आले. त्यांनी घोंगडी खाली टाकली आणि उकिडवे बसले, बांधावर बसतात तसे. एक हात काचेच्या वर, न टेकवता. भाऊ कळफलक मांडीवर घेऊन पलीकडे बसला आणि त्यानं बाणाची कळ दाबली. पडेगाव मागे गेलं. यंत्र म्हातारं, चित्र अडखळत अडखळत सरकत होतं. भाऊनं घाईनं पुन्हा कळ दाबली.

"हळू," म्हातारबाबा म्हणाले.

भाऊचं बोट कळेवरच राहिलं. इतके दिवस न वापरलेला आवाज, दाराच्या कडीसारखा गंजलेला.

"मेंढरं एवढी पळत नाईत," ते म्हणाले.

"व्हय आबा," भाऊ म्हणाला. त्यानं बोट अलगद उचललं.

मग चित्र हळू चालू लागलं, आणि त्याच्याबरोबर म्हातारबाबा. ते आम्हाला सांगत नव्हते, वाटेला सांगत होते. ह्या नदीला डावं घालायचं. ह्या गावात कुत्री लई. हितं पाटलाच्या वावरात बसवायचो, हितं त्याच्या भावाच्या. मी विचारलं, बसवायचो म्हणजे काय? त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मेंढरं रातभर रिकाम्या वावरात बसवायची, लेंडीचं खत पडतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. दिवस कलला की कळप एकाला एक लागून खाली बसतो, मग माणसांनी हळू बोलायचं, नाहीतर सगळा उठतो. एवढं सांगून ते पुन्हा काचेकडे वळले.

सिल्लोडच्या पुढे डोंगराची कड आली. "हळद्याचा घाट," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "हितं तू घोड्यावरनं पडला व्हता. लई रडला."

"मला आठवत नाय, आबा."

"तुला कसं आठवंल? तुझ्या मायला इचार. ती तर तुझ्याहून रडली."

घाट उतरला. सोयगावकडची रानं आली. एवढी हिरवी की खोलीतला उजेडच हिरवट झाला, म्हातारबाबांच्या हनुवटीखाली, पटक्याच्या काठाला. त्यांनी वाकून जवळून पाहिलं, मग आणखी जवळून. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"मेंढरं दिसंनात?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. असल्या वेळी शहाण्या माणसानं मिटावंच.

"लई वरून काढलाय, आबा," शेवटी भाऊ म्हणाला. "मेंढरं बारकी. एवढ्या वरून नाय दिसत."

"कवाचा हाय?"

"जुना. पाऊस झाला व्हता त्या सालचा. सुगीच्या नंतरचा."

म्हातारबाबांनी मनाशी काही जुळवलं. "त्या साली आपण हितंच व्हतो."

"व्हय."

"कळप व्हता आपला."

"व्हता, आबा."

"मग हैत," ते म्हणाले, आणि त्यांनी पूर्ण तळवा काचेवर टेकवला.

तेवढ्यात लाईट गेली. त्या वर्षी भारनियमनाला रविवार-सोमवार नव्हता. हिरवं रान आकसत एका ठिपक्याएवढं झालं आणि विझलं. पंखा थांबला. खिडकीतून कललेलं ऊन येत होतं, त्यात पिठाची धूळ तरंगत होती. भाऊ दचकून उठला, खटपट करत वायरीकडे निघाला. म्हातारबाबांनी काचेवरचा हात न उचलता दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं.

"राहू दे," ते अगदी हळू म्हणाले. "बसली."

भाऊ होता तिथंच थांबला. मग त्यानं आवाज न करता चपला काढल्या आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसला.

थोड्या वेळानं म्हातारबाबांनी घोंगडीच्या घडीतून एक फडकं काढलं. कळप होता तेव्हाच्या सवयीनं भाऊची माय अजूनही रोज असंच बांधून त्यांच्याजवळ द्यायची आणि ते रोज तसंच गाठीसकट परत तिच्याकडे यायचं. त्यांनी गाठ सोडली. आत भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा. त्यांनी भाकरी मोडली, एक तुकडा भाऊच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि मग स्वतः घास घेतला. दुसरा घेतला. आम्ही तिघं त्या काळ्या काचेभोवती बसून जेवलो. ठेचा जळजळीत होता, पाणी जिन्यातल्या माठात होतं, पण कुणी उठलं नाही, आणि कुणी मोठ्यानं बोललं नाही.